लोकरीचे सांधे

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही कामाच्या मापांची. पहिली सदतीस पानं भरलेली आहेत: कोणाच्या खोलीची लांबी-रुंदी, फरशीचे किती डबे, कुठला कोपरा काटकोनात नाही. अडतिसाव्या पानापासून कोरी, कारण मे महिन्यात माझे गुडघे गेले. म्हणजे जागेवरच आहेत, पण डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसायचं नाही. फरशी बसवणाऱ्याला जमिनीवर बसू नका सांगणं म्हणजे न्हाव्याला डोक्याला हात लावू नका सांगण्यासारखं. तेव्हापासून खुर्चीत बसतो आणि समोरची भिंत बघतो. भिंत चांगली आहे. प्लास्टर मीच केलेलं.

आज लिहायला कारण झालं. दुपारी बेकरीवाली दोन टम्म पिशव्या घेऊन आली. आमच्या हिचं बुधवारचं विणकामाचं मंडळ आहे, नऊ बायकांचं, बेकरीच्या वरच्या खोलीत भरतं. सगळ्यांना क्रोशा शिकवला मास्तरीणबाईंनी. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता सत्तरीच्या पुढे आहेत. अठरा डिसेंबरला त्या मुलाकडे कायमच्या राहायला जाणार. म्हणून बाकीच्या आठजणींनी ठरवलं, प्रत्येकीने बारा चौकोन विणायचे, सगळे जोडून एक पांघरूण करायचं आणि सतरा तारखेच्या बुधवारी बाईंना द्यायचं. तोवर बाईंना पत्ता लागू द्यायचा नाही. जोडणी हिच्याकडे, कारण जोडणीत हिचा हात धरणारं कोणी नाही. हे मी नाही, मंडळ म्हणतं.

बेकरीवाली जिना उतरली तशी ही म्हणाली, "अहो, माझं मनगट दुखतंय हल्ली. जोडणी तुम्हीच करा."

मला वाटलं थट्टा करतेय.

"मी? सुई धरू?"

"जन्मभर चौकोनाला चौकोनच लावत आलात ना? मी सांगत जाते, तुम्ही करत जा. फक्त बाहेर बोलायचं नाही."

हिशेब मांडला. शहाण्णव चौकोन, आडवे आठ, उभे बारा. आतले सांधे एकशे बहात्तर. फरशी असती तर दीड दिवसाचं काम. लोकर आहे, म्हणून एक आठवडा धरू. बायका या गोष्टींचा उगाच बाऊ करतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चौकोन सहा इंचाचे ठरले होते. टेप लावला. सव्वापाच इंचापासून साडेसहापर्यंत सगळी मापं निघाली. काही तर चौकोनही नाहीत, पतंग आहेत. असा माल साइटवर आला असता तर टेम्पो दारातूनच परत पाठवला असता.

"आठ बायका, आठ हात," ही म्हणाली. "कोणी घट्ट विणतं, कोणी सैल. माल नाही तो."

मग जोडायचं कसं ते दाखवलं. दोन चौकोन एकावर एक, कडेचा टाका कडेच्या टाक्याला, आतली बाजू बाहेर. एकदाही खाली बघितलं नाही. नजर खिडकीकडे, आणि बोटं आपली चाललेली. मुरलेला कारागीर असाच असतो. मीही थापीकडे कधी बघितलं नाही.

सुई मात्र मला ओवायला लावली. लोकरीची जाड सुई, बोट जाईल एवढं नेढं. मी म्हटलं, "एवढ्याला मी कशाला?" तर म्हणे मनगट. बरं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवसांत पहिली आडवी ओळ जोडली. आठ चौकोन, सात सांधे. पलंगावर पसरली तर मधोमध फुगवटा, खाली उंदीर शिरल्यासारखा. फरशी फुगली तर खाली पोकळी आहे हे कळतं. इथे खाली गादी. हाताने दाबलं तर फुगवटा सरकून दुसरीकडे गेला.

हिने नुसता तळवा फिरवला आणि म्हणाली, "तिसऱ्या आणि पाचव्या सांध्याला ओढून घेतलंय."

बरोबर तिथेच. मी दात ओठ खाऊन ओढलं होतं, लहान चौकोन मोठ्याच्या बरोबरीला यावा म्हणून.

"ओढायचं नाही. मोठ्याने थोडं कमी व्हायचं, लहानाने थोडं पसरायचं. दर तीन टाक्यांमागे एक टाका जास्तीचा सामावून घ्यायचा."

सगळं उसवलं. खरं लिहायचं तर दुपारी जरा मन खट्टू झालं. साठीनंतर शिकाऊ होणं सोपं नाही. पण फरशी शिकलो तेव्हा उस्ताद थापी फेकून मारायचे. ही चहा देते. कपाच्या कडेवर बोट ठेवून ओतते, एक थेंब बशीत सांडत नाही. हल्लीच शिकलीय ही पद्धत. व्यवस्थितपणा वयाबरोबर वाढतो तो असा.

९ नोव्हेंबर, रविवार

आज डोकं चालवलं. माळ्यावरून प्लायवूडचा तुकडा काढला. काटकोनासाठी गुण्या लावून सहा इंचाचे चौकोन आखले, कोपऱ्यांवर बिनडोक्याचे खिळे मारले, वरून जुनी चादर ताणली. विणलेला चौकोन पाण्याने ओलसर करायचा, खिळ्यांना अडकवायचा, वाळू द्यायचा. सकाळी पतंग होता, संध्याकाळी चौकोन! ही म्हणाली, बायका टाचण्या लावून हेच करतात. करत असतील. खिळे लावून कोणी केलेलं नाही.

एका वेळी बारा मावतात. खुर्चीत बसून, टेबलावर. गुडघ्यांना काही काम नाही.

मग रंगांची मांडणी. हिला म्हटलं, तू सांग कुठला कुठे. तर म्हणाली, "तुम्ही एकेक उचला आणि रंग मोठ्याने म्हणा. बोलल्याशिवाय नजर तयार होत नाही."

"निळा. दुसरा निळा. पिवळा. सिमेंट. ओलं सिमेंट."

"सिमेंट हा रंग नाही."

"मग काय म्हणू?"

"राखाडी. आणि ओलं सिमेंट म्हणजे पारव्यासारखा असेल. कडेने काय आहे त्याच्या?"

"पांढरं."

"मग तो पिवळ्याशेजारी."

तासभर हे चाललं. मी म्हणतो, ती ऐकते, डोळे मिटून विचार करते, जागा सांगते. ही शिकवण्याची पद्धत मास्तरीणबाईंकडून घेतली असणार. पेपरही हल्ली मीच वाचून दाखवतो. माझा आवाज ऐकायला बरं वाटतं म्हणते. इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती, पण म्हणाली हे महत्त्वाचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मंडळाचा दिवस. ही म्हणाली, "तुम्हीही चला बेकरीपर्यंत, गुडघ्यांना चाल हवी." माझा दंड धरून चालली. लग्न झाल्यापासून रस्त्यात असं कधी चाललो नव्हतो. लोक काय म्हणतील, हे हिचंच ठरलेलं वाक्य असायचं. फुटपाथच्या प्रत्येक कडेला हाताची पकड घट्ट व्हायची. मी समजलो, माझा तोल सांभाळतेय.

मी खाली बाकावर बसलो, ताज्या पावाच्या वासात. दोन तासांनी बेकरीवाली स्वतः हिला जिन्यावरून खाली घेऊन आली, हात धरून.

"काय भाऊजी, जोडणी कुठवर आली?" तिने विचारलं आणि जीभ चावली. "म्हणजे ताईंची जोडणी हो."

मी म्हटलं, "ताई करतायत जोरात." मला खोटं चांगलं बोलता येतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाच ओळी झाल्या. सांधा आता बसतो. दोरी बांधून तपासतो. टेबलाच्या दोन टोकांना खिळा, मध्ये ताणलेला दोरा, आणि त्याखाली सांधा सरळ. बायकांनी दोरी लावली असती तर कधीच शहाण्या झाल्या असत्या.

आज हिचे बारा चौकोन घेतले. वीण अशी एकसारखी की टेप लावायलाच नको, बाराच्या बारा सहा इंच. पण चार चौकोनांत रंग विचित्र आहेत. मध्ये फूल, त्याला हिरवी कडा हवी तिथे तपकिरी. एकात तर अर्धी ओळ जांभळी आणि पुढे निळी, मध्येच बदललेली. जरा विचार केला, विचारावं का. मग म्हटलं, कलावंताला टोकू नये. गेल्या वर्षी एकाने काळ्या फरशीत मध्येच एक लाल बसवायला लावली होती, त्याला फॅशन म्हणाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लेक आली होती. हाफ डे टाकून आली. आईशी बोलताना ती तिच्याकडे फार बघत होती. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाली, "बाबा, आईचं सगळं ठीक आहे ना?"

"मनगट दुखतं थोडं."

"मनगट नाही हो. मी दारात उभी होते, बोलले नव्हते अजून. तिने विचारलं, कोण आहे?"

"उजेडाकडे पाठ करून उभी राहिलीस तर कोण ओळखेल?"

"आणि माझ्या ड्रेसचा रंग छान आहे म्हणाली. हिरवा तुला शोभतो, म्हणाली."

"मग?"

लेक स्वतःच्या ड्रेसकडे बघत राहिली. ड्रेस तांबडा होता, विटेसारखा. मी म्हटलं, तुझी आई आता रंगांच्या बाबतीत फार पुढे गेलीय, आपल्याला नाही कळायचं. लेक हसली नाही. कामावर काही बिनसलं असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आभाळ भरून आलं होतं. ही आतल्या खोलीत बसून सांध्यांचे दोरे आत लपवत होती. ते काम ती मला देत नाही. आतल्या खोलीला खिडकी एवढीशी. मी पाणी प्यायला उठलो, तर आत अंधार. बल्ब गेलेला. बटण चालूच होतं. माळ्यावरचा बल्ब काढला, स्टूल घेतलं आणि आत गेलो.

ही विणकामावर वाकून बसलेली, सुई चालूच.

"स्टूल कशाला आणलंत?"

"बल्ब गेलाय ना."

सुई थांबली. "कधी?"

मी स्टुलावर चढलो. बल्ब बसवला, खाली उतरलो. खोलीभर उजेड झाला. टोपलीतला एक चौकोन उचलून हिच्या समोर धरला.

"हा कुठल्या रंगाचा आहे?"

तिने हात पुढे केला, चौकोनाच्या अलीकडे एक वीत हवेतच चाचपला, मग सापडला. बोटं फिरवली.

"बेकरीवालीचा आहे."

"मी रंग विचारला."

"सैल विणते ती. कोपऱ्यात नेहमी एक साखळी जास्त घालते."

"रंग."

तिने चौकोन उलटून घेतला, पुन्हा चाचपला. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही सांगा की."

लिंबू रंगाचा होता. मला सांगता आला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मी तोंड उघडलं ते ओरडायलाच. कधीपासून? डॉक्टरला का नाही सांगितलं? मला का नाही? लेकीच्या लक्षात आलं आणि माझ्या नाही, हे सहन झालं नाही. ते बोललो नाही, बाकीचं सगळं बोललो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग उन्हाळ्यात एक दिवस समोरच्या इमारतीच्या खिडक्याच गेल्या. नुसती भिंत. त्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून गुडघ्यांचा रिपोर्ट घेऊन आलात."

"मग सांगायचं होतंस."

"कोणाला? सहा महिने तुम्ही भिंतीशी बोलत होतात. मी पण त्याच भिंतीकडे तोंड करून बसले असते तर आपल्या दोघांना चहा कोणी दिला असता?"

मी भिंतीकडे बघितलं.

"आणि एकदा सांगितलं की ते खरंच होऊन बसतं," ती म्हणाली. "माझी आई शेवटी सहा वर्षं अशीच होती. खाटेवर. कोणी वाटी हातात दिली तर खायची. मला वाटी नको हातात."

मग तीच उठली आणि गॅसपाशी गेली. मी मागोमाग गेलो, तर म्हणाली, "मध्ये येऊ नका, मला पावलं मोजू दे."

दुपारी या वहीची मागची पानं वाचली. सुई ओवणं, चहातलं बोट, पेपर, दंड धरून चालणं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. चार नोव्हेंबरपासून रोज बघत होतो आणि रोज तिचं कौतुक लिहीत होतो. ओळंबा लावून भिंत एका सुताने कलली तर सांगणारा माणूस मी.

लेकीला फोन केला. तिने परवाची वेळ घेतली आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत, पण घाई करत नाहीत, हे आवडलं. तीन तास तपासण्या. उजव्या डोळ्यात काचबिंदू. तिथली गेलेली नजर परत येणार नाही, थोडी उरली आहे ती थेंब घालून राखायची. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला. तो काढता येईल. "त्याच्यामागचा पडदा चांगला असला तर बरंच दिसेल. आधी डोळ्यातला दाब खाली आणू. ऑपरेशन सहा जानेवारीला."

"लवकर यायला हवं होतं," असंही म्हणाले. ते माझ्याकडे बघून म्हणाले.

हिने एकच प्रश्न विचारला. "सतरा डिसेंबरच्या आधी काही होईल का?"

"नाही आजी. घाई केली तर आहे तेही जाईल."

बाहेर आल्यावर म्हणाली, मी काही घाबरले नव्हते. माझ्या उजव्या हातावर तिच्या नखांच्या चार खुणा आहेत.

आज मंडळ चुकलं. बेकरीवालीला सर्दीचं कारण कळवलं.

१ डिसेंबर, सोमवार

काम पुन्हा सुरू, आता उघड उघड. मी डोळे, ती बोटं. वेग दुप्पट झाला. मी सांधा घालतो, ती मागोमाग बोट फिरवत येते. "इथे टाका सुटला." सुटलेला असतोच. भिंगातून बघून मला जे दिसत नाही ते हिच्या तर्जनीला दिसतं.

दुपारी धीर करून त्या चार चौकोनांचं सांगितलं. हिरव्याच्या जागी तपकिरी, आणि मध्येच बदललेला जांभळा. तिचा चेहरा उतरला. टोपलीत तिने गुंडे रांगेने ठेवले होते, डावीकडून मोजून. मध्ये कधीतरी मीच टोपली उचलून दुसरीकडे ठेवली होती, केर काढताना.

"उसवा ते चार. नवे करते."

"गुंडे मी हातात देईन, तू कर."

"वेळ आहे?"

वेळ होता. सोळा दिवस म्हणजे पुष्कळ. मी लोकर काढायला उठलो, तर तीच म्हणाली, "थांबा." चारही चौकोन मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "राहू देत. बाईंनी एक नजर टाकली की त्यांना कळेल काय झालंय. मला तोंडाने सांगावं लागणार नाही."

मी म्हटलं, मग पांघरूणच जानेवारीत देऊ. तुला दिसायला लागलं की बघशील आणि मग टपालाने पाठवू. मला ही कल्पना फार चांगली वाटली होती.

"बाई सतरा तारखेला इथे आहेत. पांघरूण सतरा तारखेला द्यायचं," ती म्हणाली. "माझे डोळे आले तर आले."

१० डिसेंबर, बुधवार

एकशे बहात्तरावा सांधा सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पूर्ण. ठरल्यापेक्षा सव्वाचार आठवडे उशीर, कारण मूळ अंदाज मूर्खाचा होता. आता चारी बाजूंनी पांढरी किनार राहिली, ती ही घालतेय. पांढरा गुंडा एकच, चुकायचा प्रश्न नाही.

पलंगावर पसरलं. चार फूट बाय सहा फूट, कोपरे काटकोनात, कुठे फुगवटा नाही. मी मोठमोठ्या लोकांचे दिवाणखाने केले आहेत, पण काम संपल्यावर एवढा वेळ उभा राहून बघत बसलो नव्हतो. फरशीवर उद्यापासून लोक चालणार असतात, माणूस थापी धुतो आणि निघतो.

हिला म्हटलं, "चांगलं झालंय."

"किती चांगलं?"

"एकही सांधा उघडायला नको."

"तुम्ही कधी कोणाच्या कामाला असं म्हणाला नाहीत."

"माझंच आहे म्हणून म्हणतोय."

१४ डिसेंबर, रविवार

किनार झाली. दुपारी ही पलंगाच्या कडेला बसली आणि पांघरुणाच्या डाव्या कोपऱ्यापासून हात फिरवायला लागली. ती बोलत होती, माझ्याशी नाही.

"ही बेकरीवाली. ही पोस्टातली, बघ किती घट्ट, हिचा नवरा वारला तेव्हापासून घट्टच विणते. ही परत बेकरीवाली. ही शिंपीण, कडा दोनदा घालते, सवय सुटत नाही. ही धाकटी, हिला फूल जमत नव्हतं, जमलं की."

एका ओळीत आठ. बारा ओळी. एकाही जागी अडली नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांवरून हात फिरवत जावं तसं चाललं होतं. स्वतःच्या चौकोनांवर आली की काही न बोलता पुढे जायची. त्या चारांपैकी एकावर मात्र थांबली. तिथे तिने बोटांनी सांधाच चाचपला, आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या.

"हे तुम्ही," म्हणाली.

मी चहा करायला गेलो. कडेवर बोट न ठेवता ओतला, आणि बशीत सांडला.

१७ डिसेंबर, बुधवार

सगळं नीट लिहितो, कारण घाईत विसरेन.

आम्ही दोघांनी पिशवी जिन्यापर्यंत नेली. मी नेहमीसारखा खाली बाकावर बसलो. दहा मिनिटांनी वरून बेकरीवालीची हाक. "भाऊजी, वर या. बाई बोलावतायत."

एकवीस पायऱ्या. कठडा धरून चढलो.

खोलीत गोल खुर्च्या, मध्ये मास्तरीणबाई, मांडीवर पांघरूण, दोन बाजूंनी जमिनीपर्यंत आलेलं. चष्मा कपाळावर चढवून त्या एक सांधा नाकाजवळ धरून बघत होत्या.

"मिस्त्री," माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोरी लावलीत की काय?"

मी हिच्याकडे बघितलं. ही हसत होती.

"लावली बाई."

"तरीच. बाईच्या हाताचा सांधा इतका सरळ नसतो. बाई मध्ये उठते, दूध बघून येते, परत बसते, तेवढा वाकडेपणा त्यात उतरतो." सगळ्या हसल्या. मग त्यांनी पांघरूण उलगडत नेलं आणि त्या चौकोनापाशी आल्या, जांभळ्याचा निळा झालेल्या. थांबल्या. बाईंनी चौकोन तळहातावर घेतला.

ही म्हणाली, "बाई, मला सांगायचं होतं."

"मला ऑगस्टपासून माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तू गुंडा उचलून माझ्यासमोर धरायचीस आणि विचारायचीस, हा बरा दिसेल का? पूर्वी तू मला कधी विचारलं नव्हतंस. तूच सांगायचीस."

बेकरीवाली पुटपुटली, "आम्हाला पण, ताई." पोस्टातलीने मान हलवली. शिंपीण डोळे पुसत होती.

मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"मग कोणी बोलली का नाहीत?" हिने विचारलं. राग होता आवाजात. असायलाच हवा होता.

बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "वाटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील. यांनी जोडणी तुझ्याकडेच दिली, तीही तुझ्याकडून काम काढून घेतलं असं तुला वाटू नये म्हणूनच असणार. ओढून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी शिक्षिका होते, मला तरी कळायला हवं होतं."

मग सहा जानेवारीबद्दल सांगितलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कोण बरोबर येणार, कोण डबा देणार. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

निघताना बाईंनी मला थांबवलं. "पुढच्या बुधवारपासून माझी खुर्ची रिकामी असेल. पाठ सरळ आहे तिची, गुडघ्यांना बरी. पण नुसता जोडणारा नको. चौकोन विणायला शिका."

मी म्हटलं, बघतो. मला आनंद झाला होता, तो जिना उतरेपर्यंत लपवला.

२८ डिसेंबर, रविवार

शिकतोय. क्रोशाची सुई थापीपेक्षा हट्टी आहे. साखळीचा टाका येतो, खांबाचा टाका येतो, कोपरा वळवताना सगळं गोल होतं. ही शेजारी बसून हाताने तपासते. चार चौकोन झाले, त्यातला एक बशीसारखा. लेकीने बशी मागून नेली, कपाखाली ठेवीन म्हणाली.

बाईंचं पत्र आलं. पांघरूण रोज वापरतात. नातीने विचारलं, हा निळा चुकलाय का? बाईंनी तिला सांगितलं, तो चौकोन माझ्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थिनीने केलाय. पत्र मी मोठ्याने वाचलं. हिने दोनदा वाचायला लावलं.

५ जानेवारी, सोमवार

उद्या. ही शांत आहे. विचारलं तर म्हणाली, "दिसलं नाही तरी मंडळात जाईन. पांढऱ्या किनारी मीच घालत जाईन." मी म्हटलं, हो. माझ्या मनात मात्र दिवसभर खाटेवरची वाटी येत राहिली.

७ जानेवारी, बुधवार

पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय?

ही आधी त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही तर अगदीच लहान आहात," म्हणाली. मग खिडकीकडे वळली आणि पडद्यावरच्या रेघा मोजल्या. लेक मागे उभी होती, तिला म्हणाली, "तांबडा आहे तुझा ड्रेस." लेक रडायला लागली. उजव्या डोळ्याचं आहे तेवढंच, तिथे फरक नाही. तो हाताने झाकून, उघडून, परत झाकून तिने दोन-तीनदा बघितलं आणि सोडून दिलं.

माझ्याकडे शेवटी बघितलं. माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली.

घरी आल्यावर दारापासून भिंतीपर्यंत सगळं घर बघितलं. स्वयंपाकघरात कट्ट्याखाली केर सापडला, त्यावरून मला ऐकावं लागलं. मग खिडकीशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आणा बघू, काय केलंय ते."

मी माझा कालचा चौकोन दिला. हिरवा आणि पांढरा, माझ्या मते आजवरचा सर्वांत चांगला, टेप लावून सहा इंच. तिने तो उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला. मी उभाच.

"तिसऱ्या फेरीत एक खांब कमी आहे," ती म्हणाली. "कोपऱ्यानंतर लगेच. उसवा."

मी शेजारी बसलो, टोक सोडवलं आणि ओढलं. हिरवी लोकर सरसर निघत गेली, एकेक खांब सुटत गेला, आणि ही बघत होती.